'गेले' की 'घालवले'?

गेल्या सत्रातली गोष्ट. एम. ए. भाग दोनच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या प्रकल्पाचे विषय विभागापुढे मांडायचे होते. 'ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण', 'साठोत्तरी कवितेतील महानगर' असे, दरवर्षी थोडा पोशाख बदलून येणारे विषय एकामागून एक पुढे सरकत होते. अशा रांगेत एका विद्यार्थिनीने 'वसाहत उभारण्याच्या संगणकीय खेळांतील हद्दपारी' हा विषय ठेवला. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, "यात मराठीचा काय संबंध?" मुलगी चाचरली नाही. म्हणाली, "सर, खेळात माणूस स्वतःहून गेला की त्याला घालवला, याची नोंद वेगवेगळी होते. आपल्या पुस्तकांत दोघांनाही 'स्थलांतर'च म्हणतात."

सगळे हसले. मीही हसलो. चहा आला, पुढचा विषय आला. संध्याकाळी कल्याणहून डोंबिवलीला परतताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. हा लेख त्या हसण्याचे प्रायश्चित्त आहे. त्याचबरोबर तो माझ्या स्वतःच्या जमातीशी, म्हणजे मराठी शिकवणाऱ्या आणि मराठीत समीक्षा लिहिणाऱ्या प्राध्यापकवर्गाशी मांडलेला वादही आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: 'स्थलांतर' हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरत आलो आहोत की त्याने एक मोठा अन्याय सोयीस्करपणे झाकला गेला आहे. ज्यांना घालवले त्यांच्याबद्दल आपण 'गेले' असे लिहितो. आणि जे स्वखुशीने गेले ते स्वतःला 'घालवलेले' म्हणवून घेतात. हा गोंधळ भाबडा नाही. त्याला वर्ग आहे.

१

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत (यात परवापर्यंत मीही होतो), त्यांच्यासाठी थोडी ओळख. 'रिमवर्ल्ड' नावाचा एक खेळ २०१८ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. टायनन सिल्व्हेस्टर हा त्याचा कर्ता. एका अनोळखी ग्रहावर दोनचार माणसे येऊन पडतात आणि खेळणाऱ्याने त्यांची वसाहत उभी करायची असते. प्रत्येक माणसाला नाव असते, पूर्वायुष्य असते, नातीगोती असतात, कामाच्या आवडीनिवडी असतात. खेळणाऱ्याच्या हाती एक कळ अशी असते की ती दाबून एखाद्या रहिवाशाला हद्दपार करता येते. दाबण्यापूर्वी खेळ थांबतो आणि पुन्हा एकदा विचारतो. हद्दपार केलेल्याच्या मागे राहिलेल्या माणसांचे मन खचते. नातलगांचे तर फारच. एखाद्याचे जिवाभावाचे जनावर घालवले तरी त्याच्या मनावर त्याची नोंद होते.

जाण्याची दुसरीही एक वाट आहे. माणसाचे मन दीर्घकाळ खचलेले राहिले, तर एके दिवशी तो स्वतःच 'आता पुरे' म्हणून वसाहत सोडून चालू लागतो. मात्र तो का गेला हे खेळणाऱ्याला 'काळाचा ओघ' म्हणून झटकून टाकता येत नाही. त्याच्या मनाचा जमाखर्च पडद्यावर मांडलेला असतो. जेवायला टेबल नव्हते, उणे तीन. अंधारात काम केले, उणे इतके. जवळचे माणूस गेले, उणे तितके. जाणाऱ्याच्या जाण्याला कारण आहे, आणि त्या कारणाचा धागा बहुधा वसाहत चालवणाऱ्यापर्यंत येऊन पोचतो.

पोलंडमध्ये तयार झालेल्या 'फ्रॉस्टपंक' (२०१८) या खेळात गोठलेल्या जगातल्या अखेरच्या शहराचा कारभार करायचा असतो. तिथे रहिवाशांचा एक गट शहर सोडून लंडनला परत जायचे ठरवतो आणि ते भिंतींवर लिहू लागतो. कारभाऱ्याला त्यांचे मन वळवावे लागते. लोकांची आशा पुरती विझली, किंवा असंतोष काठोकाठ भरला, तर लोक कारभाऱ्यालाच शहराबाहेर हाकलतात. खेळ तिथे संपतो. हद्दपारी फक्त वरून खाली होते असे नाही, एवढे तरी या खेळाला ठाऊक आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण म्हणजे या साऱ्या खेळांचा पूर्वज 'सिमसिटी' (१९८९). त्यात माणसेच नाहीत. लोकसंख्येचा आकडा आहे. बुलडोझर फिरवला की आकडा उतरतो. या खेळाचा कर्ता विल राइट याने जे ग्रंथ वाचून खेळ रचला, त्यांत जे फॉरेस्टर या अमेरिकी अभियंत्याचा नगररचनेवरचा १९६९ सालचा ग्रंथ होता. गरिबांसाठी स्वस्त घरे बांधल्याने शहराची अवनती होते, उलट जुन्या वस्त्यांचा काही भाग पाडून उद्योगांना जागा द्यावी, असा त्यातल्या गणिती प्रारूपाचा निष्कर्ष होता. पाडलेल्या घरांतली माणसे कुठे गेली, हा प्रश्न त्या गणितात शहराच्या हद्दीबाहेर पडतो आणि मग तो प्रश्नच उरत नाही. मुंबईच्या माणसाला हे गणित ओळखीचे वाटेल.

सांगायचे ते इतकेच की या खेळांतले बरे खेळ दोन क्रियापदे वेगळी ठेवतात. जाणे वेगळे, घालवणे वेगळे.

२

मराठी ही तर या बाबतीत भलती श्रीमंत भाषा. जाणे आणि घालवणे, उठणे आणि उठवणे, निघणे आणि काढणे. देशोधडीला 'लागणे' आणि देशोधडीला 'लावणे'. एकाच धातूच्या किंवा अर्थाच्या या जोड्यांत दुसऱ्या क्रियापदाला कर्ता लागतो. कुणीतरी लावल्याशिवाय कुणी देशोधडीला लागत नाही. आपण बिऱ्हाड हलवतो, आपले बिऱ्हाड कुणी रस्त्यावर काढतो. गाशा आपला आपण गुंडाळतो. हद्दपार मात्र दुसराच करतो. परागंदा, निर्वासित, विस्थापित, वाळीत टाकलेला, तडीपार: यातला प्रत्येक शब्द वेगळ्या जखमेचे नाव आहे. इतके असून आमच्या अभ्यासपत्रिकांत, चर्चासत्रांच्या विषयपत्रिकांत आणि समीक्षाग्रंथांत या सगळ्यांवर एकच पांढरी चादर पसरलेली दिसते: 'स्थलांतर'. आणि तिच्याखाली एक कर्ताहीन क्रियापद: 'झाले'.

गिरणगावाचे उदाहरण घेऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी ती वाटणी होती. २००१ साली तीत दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. ज्या जागेवर गिरणीची इमारत उभी होती ती जागा हिशेबातून गळाली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या दुरुस्तीला मान्यता दिली. एका शब्दाच्या व्याख्येतून एकरच्या एकर जमीन कशी नाहीशी होते, याचा हा धडा खरे तर भाषेच्या अभ्यासक्रमातच असायला हवा.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. घरासाठी अर्ज करणाऱ्या कामगारांची आणि त्यांच्या वारसांची संख्या दीड लाखाच्या पुढे गेली. म्हाडाच्या सोडती निघाल्या, घरे मिळाली ती त्यांतल्या थोड्यांना. मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने उरलेल्यांसाठी जागा दाखवली ती शेलू आणि वांगणी इथली. कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघाले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, मग वांगणी, मग शेलू. जुलै २०२५ मध्ये कामगार आझाद मैदानात आले ते मुंबईतच घर हवे ही मागणी घेऊन. म्हणजे संप सुरू झाल्याला त्रेचाळीस वर्षे उलटल्यावरही ज्यांची हकालपट्टी पुरी झालेली नाही, अशा माणसांबद्दल आपण वर्गात काय सांगतो? 'गिरण्या बंद पडल्यानंतर कामगार उपनगरांत व गावाकडे स्थलांतरित झाले.' गिरण्या 'पडल्या'. कामगार 'झाले'. या वाक्यात कुणी काहीच केलेले नाही. पाऊस पडावा, तशा गिरण्या बंद पडल्या.

जयंत पवारांचे 'अधांतर' आपण शिकवतो, तेव्हासुद्धा 'एका कुटुंबाची शोकांतिका' आणि 'मूल्यांची पडझड' अशा शीर्षकांखाली शिकवतो. संपानंतरच्या त्या खोलीतली माणसे नियतीच्या नव्हे, निर्णयांच्या तडाख्यात सापडली आहेत, हे नाटक जाणते. आमच्या नोट्स जाणत नाहीत.

३

आता चादरीची दुसरी बाजू. इथे मला माझ्याच घरात शिरावे लागेल.

माझे वडील १९८४ साली गिरगावातली दहा बाय बाराची खोली सोडून डोंबिवली पूर्वेला आले. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. आमच्या घरात या घटनेचे एक ठरलेले कथन आहे: 'आम्हांला मुंबईतून बाहेर पडावे लागले.' सणासुदीला ते निघते, पाहुणे आले की निघते, आणि 'मराठी माणूस मुंबईतून हद्दपार झाला' या वाक्यावर येऊन थांबते. मीही तरुण वयात याच वाक्यावर दोन कविता आणि एक ललितलेख लिहिला आहे. छापूनही आले, कुणाला दोष देणार?

वस्तुस्थिती अशी होती. खोली भाड्याची होती आणि भाडेनियंत्रण कायद्याच्या कृपेने ते भाडे हास्यास्पद म्हणावे इतके कमी होते. कुणी उठवत नव्हते. वडिलांना सरकारी नोकरी होती. घरात माणसे वाढली होती, संडास सामाईक होते, आईला स्वतःचे स्वयंपाकघर हवे होते. वडिलांनी पागडीचा व्यवहार केला, घरमालकाचा हिस्सा त्याला दिला, उरलेल्या पैशांत कर्जाची भर घातली आणि दोन खोल्या-स्वयंपाकघराचा मालकीचा ब्लॉक घेतला. मालकीचा! पुढे गिरगावातल्या किमती वाढल्या तेव्हा 'थोडे थांबायला हवे होते' ही हळहळ घरात शिरली, आणि मला वाटते त्याच हळहळीने कालांतराने हद्दपारीचा मुखवटा चढवला.

हा माझ्या एकट्याच्या घरातला प्रकार नव्हे. दादर-गिरगावातून डोंबिवली, ठाणे, मुलुंडला आलेल्या मध्यमवर्गाने मराठीत स्मरणरंजनाचे एक मोठे दालन उभे केले आहे. चाळीतली दिवाळी, गॅलरीतल्या गप्पा, गणपतीतली नाटके. त्यात खरी माया आहे, हे मी नाकारत नाही. आक्षेप आहे तो त्याच्या क्रियापदांना. ज्या माणसाने खोली विकली, तो 'मुळांपासून उखडला गेला' असे लिहितो; आणि ज्याची गिरणी, चाळ आणि पगार तिन्ही काढून घेतले गेले, त्याच्यासाठी त्याच लेखणीतून 'स्थलांतरित झाला' असे उतरते. दुःखाची भाषा ज्याच्या हाती लेखणी होती त्याने स्वतःकडे ठेवली आणि आकडेवारीची भाषा दुसऱ्याला दिली.

४

खेळातली ती कळ आपल्याकडे प्रत्यक्षात आहे काय? आहे. तिचे नाव तडीपारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या ५५ ते ५७ या कलमांखाली पोलिसांना एखाद्या इसमाला जिल्ह्याच्या हद्दीबाहेर घालवता येते. 'ठाणे, मुंबई व रायगड जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी तडीपार' अशी एका परिच्छेदाची बातमी आपल्या वृत्तपत्रांत नेहमी येते. तड म्हणजे काठ. काठापलीकडचा तो तडीपार. या कायद्याचा दुरुपयोग होतो, त्यावर न्यायालयांनी वेळोवेळी ताशेरे ओढले आहेत, आणि त्याची तरफदारी करण्याचा माझा हेतू नाही. पण त्याची रीत पाहा. ज्याला घालवायचे त्याला आधी नोटीस द्यावी लागते. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. आदेशावर कुणाची तरी सही असते. त्याविरुद्ध अपील करता येते. आणि मुदत असते: दोन वर्षांहून अधिक काळ त्याला बाहेर ठेवता येत नाही.

आता सांगा, परळ-लालबागच्या कामगाराला यातले काय मिळाले? नोटीस कुणाची? सही कुणाची? परत येण्याची तारीख कोणती? ज्याला राज्य गुंड ठरवते त्याच्या हद्दपारीला प्रक्रिया आहे. ज्याने शहराचे कापड विणले त्याच्या हद्दपारीला नाही. आणि ज्या हद्दपारीला कागद नसतो तिला साहित्यात 'स्थलांतर' हे नाव मिळते.

गावकीने, जातपंचायतीने माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला; जुलै २०१७ पासून तो अमलात आहे. तो होऊ शकला, कारण 'वाळीत टाकणे' हे क्रियापद कर्ता मागणारे आहे. टाकणारा कोण, हे विचारता आले. 'वाळीत पडले' एवढेच म्हणत राहिलो असतो, तर आरोपी कोण ठरला असता?

५

यावर येणारे आक्षेप मला दिसतात. पहिला आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा: खेळ ते खेळ, त्यांची साहित्याशी तुलना कशाला? मी तुलना करत नाही. रिमवर्ल्ड ही थोर संहिता आहे असे मी कुठेही म्हटलेले नाही. माझे म्हणणे एवढेच की ज्या खेळाला आपण पोरखेळ म्हणतो त्याला जो भेद कळतो, तो पदव्युत्तर अभ्यासमंडळाला कळू नये, ही लाजेची बाब आहे.

दुसरा आक्षेप समाजशास्त्राकडून येईल: स्थलांतर ही तटस्थ, व्यापक संज्ञा आहे, तिच्याविना अभ्यास कसा होणार? जनगणनेला ती संज्ञा अवश्य असू द्या. पण आपण जनगणना अधिकारी नाही. साहित्याच्या अभ्यासकाने तटस्थ संज्ञेच्या आत जाऊन क्रियापद शोधायचे असते. तेच त्याचे काम आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. आर्थिक सक्ती ही सक्ती नव्हे काय? दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसांनी राहणे ही परिस्थितीने केलेली हकालपट्टीच नव्हे काय? मग जाणे आणि घालवणे यांतली रेघ कुठे ओढणार? मान्य. रेघ पुसट आहे. माझ्या आईचे स्वयंपाकघर त्या रेघेवरच उभे होते. पण रेघ पुसट आहे म्हणून दोन्ही बाजूंना एकच नाव देणे हे उत्तर नव्हे. पुसट आहे म्हणूनच प्रत्येक वेळी ती शोधावी लागते. त्या खेळातला माणूस स्वतःहून निघून जातो तेव्हाही त्याच्या जमाखर्चाची वही उघडी असते, ती याचसाठी. आपल्या कथा-कादंबऱ्यांतल्या पात्रांची ती वही आपण उघडतो का? बदली कामगार म्हणून किती वर्षे काढली, खोलीचे भाडे कधी थकले, वीज केव्हा तोडली, फंडाचे पैसे कुणी अडवले. ही सगळी उणे चिन्हे मांडल्यावर जो निष्कर्ष निघेल तो निघो. कधी तो 'गेला' असा निघेल, कधी 'घालवला' असा. न मांडता 'स्थलांतरित झाला' म्हणणे हा आळस आहे, आणि तो नेहमी एकाच पक्षाच्या सोयीचा ठरतो.

६

खेळांची भलामण इथेच थांबवतो, कारण त्यांचे एक मोठे अपंगत्व त्या मुलीनेच मला दाखवले. विषय मंजूर होवो न होवो, म्हणून ती नंतर स्टाफरूममध्ये आली होती. म्हणाली, "सर, हद्दपार केलेला माणूस चालत नकाशाच्या कडेपर्यंत जातो आणि नाहीसा होतो. पुढचं खेळ दाखवत नाही." खरे आहे. कारण खेळणारा नेहमी कारभारी असतो. कळ त्याच्या हातात, नकाशाही त्याचा. कडेपलीकडचे त्याला दिसत नाही, दिसण्याची गरजही नाही.

माझ्या मनात आले, बाई, आपण दोघे आत्ता बसलो आहोत ती जागा कडेपलीकडचीच आहे.

मुंबईच्या नकाशावर कल्याण-डोंबिवली ही कडेबाहेरची जागा. मुंबईतून नाहीसा झालेला माणूस पुढे कुठे उगवतो, हे ज्यांना दिसते ते आपण. साहित्याचे काम जिथे खेळ थांबतो तिथून सुरू होते. म्हणजे आपल्या दारात. मग आपण काय केले? पु. भा. भावे आणि श. ना. नवरे यांच्यासारखे लेखक डोंबिवलीत राहिले. २०१० मध्ये ठाण्यात आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीत अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. मांडव, दिंड्या, परिसंवाद सारे यथासांग झाले. एवढ्या सगळ्यात कडेबाहेरच्या या प्रदेशाचे कथन आपल्या अभ्यासक्रमात मात्र कुठे आले नाही. आपण इथे बसून गिरगावच आठवत राहिलो.

आणि आठवत राहणे सोयीचे होते. कारण इथे पाहायचे ठरवले, तर आपण फक्त घालवलेले नाही, हे उघड होते. 'बॅनिश्ड' नावाचा २०१४ सालचा एक खेळ आहे, एकट्या माणसाने रचलेला. मायभूमीतून हद्दपार झालेली काही कुटुंबे रानात वसाहत उभारतात. त्यांना का घालवले, हे खेळ कधीच सांगत नाही. पुढे त्यांच्या गावाच्या वेशीवर भटकी माणसे येऊन उभी राहतात आणि त्यांना आत घ्यायचे की नाही, हे आता या हद्दपारांनी ठरवायचे असते. डोंबिवलीची गोष्ट यापेक्षा फारशी निराळी नाही.

कल्याणच्या शेजारचे उल्हासनगर पाहा. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आणून ठेवलेले जवळजवळ एक लाख सिंधी निर्वासित, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये त्या छावणीला मिळालेले नवे नाव. 'कॅम्प नंबर चार' असा पत्ता आजही रिक्षावाल्याला सांगावा लागतो. आपल्यापासून पाच-सात किलोमीटरवर राहणाऱ्या या खऱ्याखुऱ्या निर्वासितांचे साहित्य आमच्या किती जणांनी भाषांतरातून तरी वाचले आहे? महायुद्धाच्याच काळात नेवाळीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी विमानतळासाठी घेतल्या गेल्या. जून २०१७ मध्ये ते शेतकरी रस्त्यावर उतरले आणि हिंसाचार झाला, तेव्हा डोंबिवलीत साहित्य संमेलनाचा मांडव उतरून पाचही महिने झाले नव्हते. आमच्या औद्योगिक पट्ट्याला आणि आसपासच्या शहरांना पाणी पुरवणाऱ्या बारवी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढली, तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. पाहा, पुन्हा 'गेल्या'! माझ्याही हातून तेच क्रियापद उतरले. वस्त्या कुठेही गेल्या नाहीत. त्यांच्यावर पाणी सोडले गेले, आणि त्यातले तांब्याभर पाणी माझ्या घरी येते.

आमचा ब्लॉक ज्या इमारतीत आहे तिच्या जागी भातखाचरे होती. ती आगरी कुटुंबे आज कुठल्या खोल्यांत आहेत, हे मला चाळीस वर्षांत विचारावेसे वाटले नाही. आणि अगदी ताजी गोष्ट: महापालिकेच्या बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेल्या डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबे न्यायालयांच्या पायऱ्या चढू लागली. बनावट शिक्के मारणारे वेगळे, घर घेणारे वेगळे. बुलडोझर मात्र दुसऱ्यांच्याच दारात उभा. पाच-दहा वर्षांनी या कुटुंबांविषयी कुणी कथा लिहिली तर समीक्षक काय लिहील? 'महानगरीय स्थलांतराचे विदारक चित्रण'?

७

म्हणून एक साधी मागणी. नवी संज्ञा नको, नवे चर्चासत्र तर नकोच. वर्गात एक जुनाच व्याकरणाचा पाठ घ्यावा. 'स्थलांतर' किंवा 'विस्थापन' हा शब्द असलेले कुठलेही वाक्य, मग ते पाठ्यपुस्तकातले असो, समीक्षेतले असो वा आपल्याच नोट्समधले, फळ्यावर लिहावे आणि विद्यार्थ्यांना ते कर्तरी प्रयोगात फिरवायला सांगावे. कर्ता सापडतो का ते पाहावे. सापडला तर त्याचे नाव लिहावे. नाही सापडला तर तो का सापडत नाही, तो वाक्यातून कुणी काढून घेतला, हे विचारावे. त्यानंतर दुसरा प्रश्न: जो गेला तो आज कुठे आहे? याचे उत्तर ठाणे जिल्ह्यातल्या वर्गात बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर बसलेले असते.

त्या मुलीचा विषय अखेर मंजूर झाला. शीर्षकात 'मराठी साहित्याच्या संदर्भात' ही शेपटी जोडायची अट घालून. मार्गदर्शक म्हणून सही माझी आहे. पहिल्या भेटीत मी तिला हाच पाठ करायला दिला आणि तिने तो माझ्याच अंगावर उलटवला: "सर, तुमच्या घराचं वाक्य सांगा."

मी सांगितले, "आम्हांला मुंबईतून बाहेर पडावे लागले." तिने वहीत लिहून घेतले आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. खाली मी लिहिले, 'माझ्या वडिलांनी खोली विकली आणि आम्ही डोंबिवलीला आलो.' लिहायला वेळ लागला.